नेम आणि नाद
तीर्थपुरीसारख्या गावच्या जत्रेत चार पैसे मोजून फुगे फोडणाऱ्या मुलास छऱ्याच्या बंदुकीचा जो नाद लागतो, त्याचा पुढील खर्च भल्याभल्यांच्या जमाखर्चास पेलत नाही; कारण स्पर्धेची रायफल लाखांच्या घरात जाते, आणि छर्रे, पोशाख व प्रवास यांचा तगादा निराळाच. तथापि १० मीटरवरील अवघ्या अर्ध्या मिलिमीटरच्या मध्यबिंदूवर दृष्टी, श्वास आणि चित्त एकवटण्याची जी साधना नेमबाज अंजली भागवत यांना २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत आणि रुद्रांक्ष पाटील यांना २०२२ साली कैरो येथे जगज्जेतेपदापर्यंत घेऊन गेली, ती पदकावाचूनही फलद्रूप होते. पाखरांवर नेम धरून हौस भागविणाऱ्याच्या पदरी केवळ हिंसेचे पातक पडते; निश्चल लक्ष्यासमोर स्वतःच्या मनाची चंचलता ओळखून ती आवरणाऱ्याचा खर्च मात्र सत्कारणी लागतो.