एका यकृताचे दोन वाटे

थोडा वेळ स्वस्थ बसा. उजवा तळहात उजवीकडच्या शेवटच्या बरगड्यांवर टेकवा. आत सव्वा-दीड किलोचं यकृत आहे. श्वास घेतलात की ते जरासं खाली सरकतं, सोडलात की वर येतं. दोन-चार श्वास एवढंच जाणवू द्या.

आता एक तान्हं बाळ मनात आणा. जन्मानंतरची कावीळ उतरलेली नाही, शी पांढुरकी होते आहे. पित्तनलिका बंद असल्यामुळे पित्त यकृतातच साठतं आणि यकृत निकामी होत जातं. सुरुवातीच्या आठवड्यांत केलेल्या शस्त्रक्रियेनं काही बाळं सावरतात. बाकीच्यांना दुसरं यकृत लागतं, पण मोठ्या माणसाचं अख्खं यकृत त्या इवल्या पोटात मावत नाही.

क्लोद कुइनो या फ्रेंच शल्यविशारदानं 1957 मध्ये यकृताचे आठ भाग मांडून दाखवले. प्रत्येक भागाला रक्त वेगळ्या फांदीतून येतं, पित्तही वेगळ्या वाटेनं बाहेर पडतं. याच रचनेमुळे 1988 मध्ये जर्मनीतल्या हॅनोवरला रुडॉल्फ पिख्लमायर यांना एका मृत दात्याचं यकृत दोन रुग्णांसाठी विभागता आलं. शस्त्रक्रियेचं ते टेबल डोळ्यांपुढे आणा. बर्फानं वेढलेल्या भांड्यात, थंड द्रावात यकृत आहे. सर्जन एकेक बारीक रक्तवाहिनी शोधतो, बांधतो, मग पुढे सरकतो. कोणती धमनी कुणाकडे, पित्तनलिका कुठे कापायची, हे आधी ठरवावं लागतं. घाई चालत नाही, आणि वेळही फार नसतो. डावीकडचा छोटा तुकडा बाळाला, उजवीकडचा मोठा भाग प्रौढाला.

इथे जरा थांबा, कारण मला सर्वांत मोठी गोष्ट इथेच दिसते. तो प्रौढ रुग्ण प्रतीक्षायादीत वर आहे. अख्खं यकृत त्यालाच मिळालं असतं. वाटून घेतलं तर पित्त गळण्याचा, रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. त्याच्या जागी स्वतःला बसवा. पोटात पाणी झालंय, रात्र-रात्र झोप नाही, आणि डॉक्टर विचारतात, थोडं बाळाला द्यायचं का? लगेच उत्तर देऊ नका. नकार आला तरी त्याला दोष देऊ नका. पण अशा होकारांवर दोन माणसं जगली आहेत, हेही मनात असू द्या.

तरीही, वाटे करून दाते वाढत नाहीत. भारतात दर दहा लाख लोकांमागे वर्षाला एकही मरणोत्तर दाता मिळत नाही. म्हणून आपल्याकडे बहुतेक यकृतं जिवंत नातेवाईक देतात, बाळांच्या बाबतीत बऱ्याचदा आईच. मेंदू मृत झाल्याचं निदान चार डॉक्टर, कमीत कमी सहा तासांच्या अंतरानं, दोनदा तपासून करतात. त्यानंतर अतिदक्षता विभागाबाहेर अवयवदानाचा समन्वयक नातेवाइकांशी बोलतो. आत छाती हलते आहे, हात ऊबदार आहे, आणि त्या घरानं अशा वेळी ठरवायचं असतं. माझ्या मते त्यांच्या एकट्यावर हा भार टाकणं बरोबर नाही.

अवयवदानाचं कार्ड भरलं असलं, तरी शेवटी घरच्यांनाच विचारलं जातं. तेव्हा आज जेवताना तुमची इच्छा त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा, आणि त्यांचीही विचारून घ्या.