अग्नीत परमेश्वर नव्हता



मे महिन्यात नांदगाव खंडेश्वरच्या भेगाळलेल्या काळ्या शिवारातून आपण एकटेच चालत निघतो; दुपार कलली की आभाळ भरून येते, विजा पडू लागतात. कुणी वीज पडून गेला की लोक लगेच म्हणतात, देव कोपला!

एलिया संदेष्टाही अरण्यात एकटाच होता (1 राजे 19). होरेब डोंगरावर वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी आला. परमेश्वर त्यांत नव्हता. तो आला मंद वाणीतून. त्याआधी वाटेतच, दूताकरवी, थकलेल्या एलियाला त्याने भाकर व पाणी दिले होते.

मग घरधनी गमावलेल्या कुटुंबाला आपण पापाचा हिशेब का विचारावा? भाकर घेऊन त्यांच्या दारी जाऊ या. आणि हो, गडगडाट ऐकताच झाडाखाली थांबू नये. जवळचे पक्के घर गाठावे.