खालीच यायचं होतं तर…

जगात काही प्रश्न असे असतात, की ते विद्वानांनी विचारले तर त्याला तत्त्वज्ञान म्हणतात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारले तर कटकट म्हणतात. 'ज्यातून काहीच पदरात पडत नाही असे कष्ट माणसाने का करावेत?' हा त्यातलाच एक. विद्वानांनी त्यावर ग्रंथ लिहून ठेवले आहेत. आमच्या तलवाड्याच्या आत्याबाईंना ग्रंथाची गरज पडली नाही. मी मे महिन्याच्या उन्हात महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर चढून आल्याचं सांगितलं, तेव्हा लसूण सोलता सोलता त्या एवढंच म्हणाल्या, "खालीच यायचं व्हतं, तर वर कामून गेलतास रं?"

आत्याबाईंची बाजू समजून घ्यायची तर आधी तलवाडा समजून घेतलं पाहिजे. बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका हा गोदाकाठचा, बराचसा सपाट मुलूख. त्यामुळे आमच्या गावाला जी काही उंची लाभली आहे, ती त्वरितादेवीच्या टेकडीने. देवीचं नाव त्वरिता असलं तरी तिच्याकडे कोणी त्वरेने जात नाही. नवस फेडायला जातात, नवरात्रात जातात, नवी सून दाखवायला जातात. विनाकारण टेकडी चढणारा प्राणी गावाला माहीत नाही. शेळी चढते, पण तिलाही वर पाला असतो.

शहरात याच्या नेमकं उलट. पुण्यात नोकरीला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला एकाने विचारलं, "काय, किल्ले करता का?" चहा करता का, या चालीवर! मला वाटलं, दिवाळीतले मातीचे. मी म्हणालो, "लहानपणी करायचो." त्यावर त्याने माझ्याकडे जी केविलवाणी नजर टाकली, ती पुसून काढायला मला बरीच वर्षं आणि कळसूबाई लागली.

ही मंडळी निघायच्या आधी एक यादी पाठवतात. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'मोजकंच सामान घ्यावे', आणि खाली बत्तीस वस्तू. टोपी, शिट्टी, दोरी, बॅटरी, जादा बॅटरी, गुळदाणी, मिठासाखरेच्या पुड्या आणि 'सकारात्मक दृष्टिकोन'. शेवटची वस्तू सोडून बाकी सगळं मी आणलं होतं.

कळसूबाई अकोले तालुक्यात, पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. उंची १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट. पायथ्याला बारी नावाचं गाव. तिथून आम्ही पहाटे निघालो. डोंगर चढताना माणसाच्या संभाषणाचं काय होतं, याचा कोणीतरी अभ्यास करायला हवा. पायथ्याशी आम्ही सह्याद्रीच्या इतिहासावर बोलत होतो. तासाभराने विषय गुडघ्यांवर आला. ऊन चढलं तसा कर्ता गेला, कर्म गेलं, आणि लोखंडी शिड्यांपर्यंत पोचलो तेव्हा सगळं मराठी व्याकरण 'हं' या एका अक्षरात मावत होतं. शिडीचं लोखंड असं तापलेलं, की त्यावर भाकरी सहज भाजून निघाली असती. खाली पाहू नका, असं सगळे सांगत होते. वर पाहिलं तर तेवढीच शिडी अजून बाकी दिसत होती. म्हणून मी समोर पाहत चढलो. समोर आमच्या पुढाऱ्यांचे बूट होते.

एकदाचं शिखर आलं. देवीचं छोटंसं देऊळ, भणाणणारा वारा, एका अंगाला भंडारदऱ्याचं पाणी, दुसऱ्या अंगाला अलंग, मदन, कुलंग हे तीन भाऊ खांद्याला खांदा लावून उभे. खोटं कशाला सांगू, पाच मिनिटं मी गुडघे विसरलो. तेवढ्यात आमच्यातल्या एकाने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, "जिंकलं!"

कोणाला जिंकलं, ते कळेना. डोंगराने तर काही प्रतिकार केला नव्हता. आणि आम्ही जिंकलं ते ठिकाण जर जिंकण्याजोगंच असेल, तर ते आमच्या आधीच कोणीतरी जिंकून तिथे लिंबू सरबताचं दुकान थाटलं होतं!

दुकान म्हणजे चार काठ्यांवर कापड, एक माठ, लिंबांची टोपली, काकड्या आणि एक पन्नाशीची बाई. पायात साध्या चपला. लिंबू, साखर, पाणी, सगळं खालून डोक्यावर आलेलं. आमच्यातल्या बँकेतल्या गृहस्थांनी, जन्मभराच्या सवयीने, भाव विचारला आणि म्हणाले, "अहो बाई, हेच खाली निम्म्या किमतीत मिळतं."

बाई शांतपणे म्हणाल्या, "मग खालीच प्या की. आता जाताच हाये तुमी."

गृहस्थांनी दोन पेले घेतले.

मी बाईंजवळ बसलो. एक शिडी कमी चढून आलेल्या माणसाला असतो तेवढा अधिकार माझ्या आवाजात आणून विचारलं, "मावशी, रोज येता?"

"गिऱ्हाईक असलं का येती."

"त्रास होत नाही?"

"व्हतो की. ह्यो काय कापूस हाये का डोक्यावर?"

"मग देवीला वेगळं यायची गरजच नाही तुम्हाला. रोजच दर्शन."

यावर त्या चक्क हसल्या. "येती ना. नवरात्रात येती. त्या दिशी चढ लागत न्हाई."

"ओझं नसतं म्हणून?"

"ओझं असतं. ओटी असती, निवद असतो, नातू असतो कडंवर. पर त्या दिशी आपल्या मनानं येती."

आता हे एवढंच वाक्य आमच्यातल्या कोणी बोललं असतं, तर त्याला आम्ही विचारवंत म्हटलं असतं. बाईंनी वाक्य संपवून काकडीला मीठ लावलं.

त्याच सुट्टीत मी तलवाड्याला गेलो आणि वर सांगितलेला प्रश्न अंगावर आला. मी आत्याबाईंना उंची सांगितली, शिड्या सांगितल्या, आत्मिक आनंद सांगितला. काहीच लागू पडेना. शेवटी सहज म्हणालो, "वर कळसूबाईचं देऊळ आहे."

आत्याबाईंनी लसूण खाली ठेवला. "देवीला गेलतास व्हय? मग आसं सांग की! मगाधरनं फूट फूट काय लावलंय!" आणि लगेच, "कुंकू आणलंस का?"

प्रश्न इथेच मिटला असता. पण ओसरीवर शेजारचे एक काका बसले होते. काका आणि काकू दोघंही ऊस तोडायला जातात. आमच्या जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. नवराबायकोच्या जोडीला तिकडे 'एक कोयता' म्हणतात. दोन जिवंत माणसं मिळून एक अवजार! निघण्याआधी मुकादमाकडून पैसे घ्यायचे, त्याला 'उचल' म्हणतात. मग ती फिटेपर्यंत तोडायचं. तोडलेल्या उसाची मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि ट्रकला फळी किंवा शिडी लावलेली असते, तिच्यावरून चढून वर रचायची. ट्रक रात्री आला तर रात्री. एखादा दिवस अंग मोडून आलं आणि कामावर गेलं नाही, तर तो 'खाडा'. त्याचे पैसे कापले जातात.

काकांनी माझं शिडीवर्णन फार लक्ष देऊन ऐकलं. ते या क्षेत्रातले जाणकार. मग त्यांनी विचारलं, "भाऊ, आन् निम्म्यातूनच माघारी फिरलं तर?"

"तर काय? फिरायचं."

"खाडा कापत न्हाईत?"

"नाही."

"मग सोपं हाय," काका म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

इतकी वर्षं हा प्रश्न मी उंचीच्या, उन्हाच्या आणि वजनाच्या भाषेत मांडत होतो. काकांनी तो एका झटक्यात योग्य भाषेत मांडला. हौसेच्या कष्टांत आणि पोटाच्या कष्टांत घाम सारखाच येतो, मांड्या सारख्याच भरतात. फरक एकच: एकाला निम्म्यातून माघारी फिरता येतं, दुसऱ्याला येत नाही. माझ्या पाठीवरच्या पिशवीत बत्तीस वस्तू होत्या असं मी समजत होतो. यादीत न लिहिलेली तेहतिसावी वस्तू, माघारी फिरायची मुभा, सगळ्यांत मोलाची होती आणि तिला वजन नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे डोंगर चढणं हे पाप? मुळीच नाही. मी रविवारी पुण्यात पंख्याखाली लोळत पडलो, तर काकूंच्या डोक्यावरची मोळी एका कांड्यानेही हलकी होत नाही. आणि आपल्या मनाने कष्ट करावेत ही ओढ काही फक्त पगारी लोकांना नसते. ती सरबतवाल्या बाईंना आहे, पंढरपूरची वाट चालणाऱ्या वारकऱ्याला आहे, आत्याबाईंनाही आहे. गुडघे धरून धरून त्या नवरात्रात त्वरितादेवीची टेकडी चढतातच. कोणी विचारलं, 'खालीच यायचं होतं तर', तर विचारणाऱ्याची धडगत नाही. माणसाला पोटापलीकडचे कष्ट लागतात. नाहीतर त्याच्यात आणि आमच्या गावच्या शेळीत फरक काय?

घोटाळा चढण्यात नाही, चढून आल्यावरच्या हिशेबात आहे. आपण सगळी जिद्द, चिकाटी, धैर्य ही विशेषणं माघारी फिरू शकणाऱ्याच्या खात्यावर जमा करतो. दुसऱ्याच्या खात्यावर मजुरी लिहितो, आणि तीही घासाघीस करून.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. जॉर्ज मॅलरी या इंग्रज गिर्यारोहकाला १९२३ साली अमेरिकेत विचारलं गेलं की एव्हरेस्ट का चढायचा? 'तो आहे म्हणून', असं त्याचं उत्तर जगप्रसिद्ध झालं. त्याच्या आदल्याच वर्षी, जून १९२२ मध्ये, एव्हरेस्टच्या मोहिमेत हिमप्रपाताखाली सात हमाल गेले. मॅलरी त्याच मोहिमेत होता आणि त्यांच्या मरणाचं दुःख त्याला फार लागलं होतं. पण ते सात जण वर का जात होते, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर प्रसिद्ध होण्यासारखं नव्हतंच: मजुरी मिळते म्हणून. पुढे १८ एप्रिल २०१४ ला त्याच डोंगरावर हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगार गेले. दुसऱ्यांच्या शिखरासाठी वाट तयार करायला आणि सामान वाहायला ते पहाटे निघाले होते.

आणि ज्या शिखरावर आमच्या मित्राने आरोळी ठोकली, त्या शिखराची देवी कोण? आख्यायिका अशी सांगतात, की कळसू ही एक कोळ्याची पोर. पाटलाच्या घरी कामाला राहिली. राहताना तिने अट घातली: केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. काही दिवस बरे गेले. मग एक दिवस घरच्यांनी तेच काम तिच्यावर लादलं. तिने ते उरकलं आणि काम सोडून सरळ डोंगरावर निघून गेली ती परत आलीच नाही.

म्हणजे बघा, महाराष्ट्राच्या सर्वोच्च स्थानी कोणी राजा नाही, सेनापती नाही, गिर्यारोहक तर नाहीच नाही. तिथे ठरलेली अट मोडली म्हणून चालतं काम सोडून गेलेली एक मोलकरीण बसली आहे. निम्म्यातून माघारी फिरण्याचा जो हक्क काकांच्या उचलीत बसत नाही, त्याचीच ही देवी! तिच्या दाराशी उभं राहून 'जिंकलं' म्हणून ओरडणं आणि सरबताचा भाव पाडणं, यातलं जास्त हास्यास्पद काय, ते तुम्हीच ठरवा.

मी पुढच्या उन्हाळ्यातही डोंगर चढणार आहे. फक्त दोन पथ्यं पाळायची ठरवली आहेत. वर पोचल्यावर 'जिंकलं' म्हणायचं नाही, 'पोचलो' म्हणायचं. आणि सरबताला बाई सांगतील तो भाव द्यायचा. बँकेतल्या गृहस्थांना मी हा नियम कळवला आहे. पहिलं पथ्य त्यांना पटलं. दुसऱ्यावर ते विचार करत आहेत.