कोऱ्या कागदावरील सही

सही म्हणजे साक्ष. आणि जें आपण पाहिलें नाहीं त्याची साक्ष देऊं नये, हें शाळकरी मुलासही कळतें. परंतु हाच नियम कलावंतास लावण्याची वेळ आली म्हणजे आपण बिचकतों.

साल्वादोर दाली (१९०४–१९८९) या स्पॅनिश चित्रकाराचें उदाहरण या दृष्टीनें मननीय आहे. रंगचित्रें, चित्रपट, रत्नालंकार, जाहिराती, इतक्या प्रांतांत तो वावरला. १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘डॉन क्विक्झोट’च्या शिळाछाप चित्रांसाठीं तर त्यानें तोड्याच्या बंदुकीनें शाई भरलेल्या गोळ्या शिळेवर झाडल्या! यास कोणी माकडचेष्टा म्हणोत. पण तो डाग दालीचाच होता. शिळाछापांत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूनें चित्र काढतात. भिजविलेली शिळा शाईस थारा देत नाहीं, तेलकट रेषा मात्र शाई धरते. असे ठराविक ठसे घेऊन चित्रकार प्रत्येकावर शिसपेनीनें सही करतो. ‘हा ठसा मीं पाहिला व पसंत केला,’ हा त्या सहीचा अर्थ.

१९७४ सालीं फ्रान्सच्या जकात अधिकाऱ्यांनीं अँडोराकडे जाणारी एक मालमोटार अडविली. तींत दालीच्या सहीचे सुमारें ४०,००० कोरे कागद निघाले. चित्राचा पत्ता नाहीं, आणि साक्ष तयार!

कोणी म्हणेल, घेणारा नांवासाठींच पैसे मोजतो, आणि नांव तर खरें आहे. रविवर्म्याच्या छापखान्यांतील चित्रें घरोघरीं पूजिलीं गेलीं. त्या प्रत्येकावर त्याच्या हातची सही कोठें होती? नव्हती, म्हणूनच तो व्यवहार सरळ होता. ठसा हा ठसा म्हणूनच विकला गेला.

दालीला दोष देतांना माझी लेखणी मात्र अडखळते. एकदां सुटीवर निघतांना, विद्यार्थ्यांचीं शिफारसपत्रें अडूं नयेत म्हणून, मीं सह्या केलेले दहा कोरे कागद लेखनिकाजवळ ठेविले. परत आल्यावर कळलें कीं, ज्याचें तोंडही मीं पाहिलें नव्हतें अशा एका मुलाच्या निर्मळ शीलाची ग्वाही मीं देऊन चुकलों होतों. मुलगा खरोखर सज्जन असेलही. तरी माझी ग्वाही खोटीच होती. त्याच आठवड्यांत ज्या मुलांस मीं मनापासून पत्रें लिहून दिलीं होतीं, त्यांच्या पत्रांचें मोलही मीं स्वहस्तें उणें केलें.

दालीच्या कोऱ्या कागदांवर पुढें सुंदर चित्र छापलें गेलें, तरी न्याय हाच. खोट्या साक्षीचा पहिला बळी खरी साक्ष असते: आज शिळेवरचा तो त्याचा खराखुरा डागही लोक संशयानें न्याहाळतात.