वाटेस लावणे

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २०:३६–३८, २१:५, तीताला पत्र ३:१३



मार्च महिना आला की शाळाशाळांतून निरोप समारंभ सुरू होतात. कर्नाटकात सातवी हा उच्च प्राथमिक शाळेचा शेवटचा वर्ग होय. पुष्कळ शाळा तेथेच संपतात आणि आठवीसाठी मुलांना दुसरी शाळा शोधावी लागते. म्हणून महाराष्ट्रात दहावीच्या मुलांच्या वाट्याला येणारा निरोप येथे बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या वाट्याला येतो. पवित्र शास्त्राच्या भाषांतराच्या कामानिमित्त माझे वास्तव्य बंगळूरला असते. काही वर्षांपूर्वी येथील अशाच एका लहानशा शाळेत, सातवीच्या निरोप समारंभात, दोन शब्द बोलण्यासाठी मला बोलावण्यात आले होते.

वर्गात रंगीत कागदांच्या पताका लावल्या होत्या. फळ्यावर खडूने फुले काढली होती. मुले एकेक करून उठत व आठवणी सांगत. पावसात कोणत्या बाकावर पाणी गळे, एक कंपासपेटी चौघांत कशी फिरे, घंटा वाजवण्याचा मान कोणाचा, हे सांगताना ती हसत होती. खाली बसताना मात्र डोळे पुसत होती. मी पौलाच्या जीवनातला दाखला देऊन दहा मिनिटे बोललो. टाळ्या झाल्या, केसरीभात वाटला गेला.

समारंभ संपल्यावर एक मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. "सर, तुम्ही आमच्या भाषेतले आहात ना?" तिने मराठीत विचारले. तिचे कुटुंब बीदर जिल्ह्यातील औराद तालुक्याचे. घरात मराठी, शाळेत कन्नड. वडील इमारतींच्या बांधकामावर मजुरी करीत. वहीत वर्गातील प्रत्येकाचे एक पान होते : नाव, आवडता खेळ, पुढे कोण होणार, पुढची शाळा. तिच्या स्वतःच्या पानावर 'पुढची शाळा' या शब्दांपुढची जागा कोरी होती. ती मी पाहिली. पाहूनही मी खाली आशीर्वादाचे एक वाक्य लिहिले, सही केली आणि घरी आलो.

जूनच्या अखेरीस एका बांधकामाजवळून जात असता वाळूच्या ढिगाशी ती मला दिसली. कडेवर धाकटा भाऊ होता. मला पाहून ती हसली. "कोणत्या शाळेत जातेस?" मी विचारले. "अजून नाही," ती म्हणाली. वडिलांचे काम शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले होते. नव्या शाळेने दाखला मागितला. तो जुन्या शाळेतच राहिला होता. वडिलांनी दोनदा रोजगार बुडवला, पण अर्ज वाचून भरणारे घरात कोणी नव्हते. तिसऱ्यांदा ते गेलेच नाहीत.

वाचकहो, सरकारी शाळेत फी नव्हती आणि कायदाही तिच्या बाजूचा होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत व सक्तीचे आहे. दाखला यायला उशीर झाला एवढ्यावरून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. उणीव एवढीच होती की, तिच्याबरोबर चालत जाणारे कोणी नव्हते. तिला निरोप देणारे आम्ही पुष्कळ होतो. मीही त्यांतलाच एक.

त्या रात्री मी शास्त्र उघडले, ते ज्या उताऱ्यावर मी भाषण केले होते त्याच उताऱ्यावर. इफिसच्या मंडळीत पौलाने तीन वर्षे सेवा केली होती. यरुशलेमेस जाताना त्याने मिलेत बंदरात तेथील वडिलांना बोलावून घेतले. सर्वांनी गुडघे टेकून प्रार्थना केली. ते त्याच्या गळ्यात पडून रडले, कारण आता त्याचे मुख पुन्हा दिसणार नव्हते. समारंभात मी एवढेच सांगितले होते. परंतु लूक तेथे थांबत नाही. ते वडील तारवापर्यंत पौलाबरोबर गेले, हेही तो लिहितो. पुढे सोर नगरात पौल अवघे सात दिवस राहिला; तरी तेथील शिष्यही आपल्या बायकामुलांसह त्याला नगराबाहेर समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचवायला गेले. त्या वाळूत गुडघे टेकलेल्यांत मुलेही होती.

या दोन्ही ठिकाणी मूळ ग्रीक भाषेत एकच क्रियापद आहे : प्रोपेम्पो. त्याचा साधा अर्थ 'पुढे पाठवणे'. परंतु नव्या करारात त्या शब्दाच्या पोटात बरेच काही आहे : सोबत करणे, वाटखर्चाची तरतूद करणे, पुढच्या मुक्कामाची सोय पाहणे. तीताला लिहिताना जेना शास्त्री व अपुल्लो यांच्यासाठी पौल हाच शब्द वापरतो आणि लगेच सांगतो की, त्यांना वाटेत कशाचीही वाण पडू नये. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायातील अब्राहामही पाहुण्यांना जेवू घालून तंबूच्या दारात उभा राहत नाही. निघालेल्या पाहुण्यांबरोबर तो काही वाट चालून जातो.

आपल्या मराठीत यासाठी एक जुना, सुंदर शब्द आहे : बोळवण. पाहुण्याला काही अंतर सोबत करणे आणि निघताना त्याच्या हाती काही देणे, ही खरी बोळवण. आज मात्र आपण म्हणतो, "नुसत्या शब्दांवर बोळवण केली." शब्द तोच राहिला, त्यातली शिदोरी तेवढी गळून गेली. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हेच दाखवून दिले आहे : उघड्या व उपाशी बंधूला ऊब आणि तृप्ती चिंतून, हाती काही न देता वाटेस लावले, तर त्याचा काय लाभ? त्या मुलीच्या वहीतील माझे वाक्य याच जातीचे होते. कन्नड भाषेत निरोप समारंभाला 'बीळ्कोडुगे' म्हणतात. त्या शब्दात 'कोडु' म्हणजे 'देणे' आहे. आणि ज्याला आपण 'शाळा सोडल्याचा दाखला' म्हणतो, त्याला तेथे 'वर्गावणे पत्र', म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठवण्याचे पत्र म्हणतात. एकाच कागदाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत. एक मागच्या दाराकडे पाहते, दुसरी पुढच्या.

या बंगळूर शहराने एक मोठी मराठी पाठवणी पाहिली आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने हे ठाणे जिंकले व पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. बाल शिवराय काही काळ येथे वडिलांजवळ होते. १६४२ च्या सुमारास, वयाच्या बाराव्या वर्षी, त्यांना पुण्याकडे पाठवण्यात आले. कवींद्र परमानंदाने शिवरायांच्याच काळात रचलेल्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात त्या प्रसंगाचे वर्णन आहे. हत्ती, घोडे, पायदळ, ध्वज व द्रव्य यांबरोबरच विश्वासू अमात्य आणि नामवंत अध्यापक पित्याने पुत्रासोबत दिले. मुलगा सातवीतल्या मुलांच्याच वयाचा होता. हत्तीघोडे आपल्याजवळ नाहीत. पण विश्वासू माणूस आणि शिकवणारा माणूस प्रत्येक मंडळीत असतो.

आठवणींविषयीही थोडे सांगतो, कारण निरोपाच्या दिवशी आपण त्यांच्यातच रमतो. शास्त्रात देव आठवण करतो तेव्हा काहीतरी घडते. उत्पत्तीच्या आठव्या अध्यायात त्याला नोहाची आठवण होते, आणि पृथ्वीवर वारा वाहू लागून पाणी ओसरते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात त्याला हन्नाची आठवण होते, आणि तिची कूस उजवते. इब्री भाषेतील 'आठवणे' या शब्दात कृती सामावलेली आहे. वहीतील पाने जपून ठेवणे चांगलेच. पण ज्याची आठवण येते त्याच्यासाठी उठून जाणे, ही शास्त्राला अभिप्रेत असलेली आठवण आहे.

आपल्या प्रभूनेही निरोप घेतला. योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायापासून सतराव्यापर्यंत त्या रात्रीचे बोलणे आहे. शिष्य घाबरले होते. पुढची वाट त्यांना ठाऊक नव्हती. आपण त्यांना अनाथ सोडणार नाही असे प्रभूने सांगितले आणि त्यांच्याबरोबर कायम राहणारा दुसरा एक देण्याचे वचन दिले. आपल्या परिचित मराठी भाषांतरात त्याला 'कैवारी' म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्दाचा धात्वर्थ 'जवळ बोलावलेला, बाजूला उभा राहणारा' असा आहे. प्रभूच्या निरोपात शब्द होते, अश्रू होते, प्रार्थना होती. आणि त्यात सोबतीही होता. ज्यांना असा सोबती मिळाला आहे, त्यांनी कोणाची नुसत्या शब्दांवर बोळवण करावी काय?

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने त्याच दिवशी दाखला काढून दिला. मंडळीतील दोन भगिनी तिच्या आईबरोबर नव्या शाळेत गेल्या, त्यांनी अर्ज भरला आणि पहिला आठवडा त्या तिला सोडायला जात राहिल्या. जुलैमध्ये ती वर्गात बसली. पुढे दहावी उत्तीर्ण झाली. हे सांगताना मला आनंद होतो. पण त्याच समारंभात घंटेची आठवण सांगणारा एक मुलगा होता. त्यालाही पुढची शाळा मिळाली नव्हती, असे तिच्याकडूनच कळले. त्याचे कुटुंब काम शोधत दुसरीकडे गेले होते. तो आम्हांला सापडला नाही. त्याच्या वहीतही माझी सही आहे.

म्हणून माझी नम्र विनंती आहे. येत्या मार्चमध्ये आपल्या मंडळीतील आणि शेजारातील, शाळेचा शेवटचा वर्ग संपवणाऱ्या मुलांची एक यादी करा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : पुढची शाळा कोणती? जेथे जागा कोरी असेल तेथे आपले नाव लिहा. दाखला मिळाला का ते पाहा, अर्ज वाचून दाखवा, पहिल्या दिवशी दारापर्यंत जा. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना व तरुण संघाला हे काम सहज करता येईल. त्यासाठी फार पैसा लागत नाही. एखादी सकाळ आणि चालणारे पाय लागतात.

प्रार्थना : हे प्रभो, तू आम्हांला अनाथ सोडले नाहीस. ज्या लेकरांना आम्ही गोड शब्दांनी निरोप दिला आणि विसरलो, त्यांच्याबाबत आम्हांला क्षमा कर. जो मुलगा आम्हांला सापडला नाही, त्याची तू आठवण कर. आणि पुढच्या वेळी आम्हांला तारवापर्यंत चालत जाण्याची बुद्धी दे. आमेन.