वैशाखात उरकलेलं वर्ष

गुढीपाडव्याच्या आगेमागे एकेका साखर कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं, आणि बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या डोंगरपट्ट्यातल्या गावांमध्ये पाच-सहा महिने लागलेली कुलपं निघू लागतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, बेळगाव, बागलकोट इथल्या उसाच्या फडांवरून ऊसतोड कुटुंबांच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या परततात. त्यांत पत्र्याची पेटी, पाण्याचा ड्रम, कोपीचं म्हणजे फडावरच्या झोपडीचं गुंडाळलेलं प्लास्टिक, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या, आणि जाताना रांगत होतं ते आता चालायला लागलेलं पोर. पुढचे दोन महिने घरोघरी उरकण्याचे. लग्न, साखरपुडा, जावळ, मागच्या हंगामात वारलेल्या म्हातारीचं वर्षश्राद्ध, बोललेला नवस, गळके पत्रे, रेशनकार्डाचं केवायसी, मुलाचा जातीचा दाखला, भावकीतला बांधाचा तंटा. आणि या सगळ्याच्या आधी मुकादमाच्या वहीतला हिशेब, म्हणजे आगाऊ घेतलेली उचल फिटली की अंगावर बाकी राहिली. बाकी राहिली असेल तर पुढच्या दसऱ्यानंतर कुठं जायचं, हे वैशाखातच ठरून जातं.

बाहेरच्या माणसाला या दिवसांत गाव गजबजलेलं, हसरं दिसतं आणि ते खोटंही नसतं. पण वर्षभराचं घरपण दोन महिन्यांत भरून काढायला लागणं ही साधी गैरसोय नाही. घरातली काही कामं पुढं ढकलली तरी चालतात, पत्रे वैशाखातही बदलता येतात. काही कामं ढकलली की घाईत होतात, आणि घाईत घेतलेला निर्णय तोच राहत नाही, त्याची जात बदलते. काही तर मागून करताच येत नाहीत. या तिन्ही प्रकारांचा खर्च आज एकटं कुटुंब सोसतं. साखरेच्या हिशेबात तो कुठंच दाखवला जात नाही. माझं म्हणणं असं की तो दाखवला पाहिजे, आणि ज्याच्यामुळं तो होतो त्यानं उचलला पाहिजे.

आधी वेळेचाच हिशेब करू. हंगाम पाच-सहा महिन्यांचा, म्हणजे उरलेले सहा महिने घरचेच, असं सहज म्हटलं जातं. ते खरं नाही. या कुटुंबांपैकी बहुतेकांची बालाघाटाच्या उतारावर चार-दोन एकर कोरडवाहू जमीन असते. मृगाचा पाऊस पडला की बाजरी, कापूस, सोयाबीन, तूर यांची पेरणी, मग खुरपणी, फवारणी, आणि कापसाची पहिली वेचणी होते न होते तोच दसरा येतो. दसरा झाला की बांधाबांध सुरू. म्हणजे निवांत म्हणावा असा काळ चैत्राच्या अखेरीपासून ज्येष्ठापर्यंतचाच. तोही हक्काचा नाही. 2021-22 च्या हंगामात ऊस इतका झाला की गाळप जूनपर्यंत लांबलं. मराठवाड्यातही ऊस फडात उभा होता आणि शेतकऱ्यांचा जीव टांगणीला लागला होता. तेव्हा सरकारनं 1 मे 2022 पासून गाळल्या जाणाऱ्या उसासाठी वाहतूक अनुदान आणि उतारा घट अनुदान जाहीर केलं. ते योग्यच होतं. लांबलेल्या दिवसांत उसाची किंमत घटते हे सरकारनं ओळखलं. मात्र त्याच लांबलेल्या दिवसांत तोडणाऱ्याचा वैशाख बुडाला, त्याच्या भरपाईसाठी असा शब्द सरकारी भाषेत अजून तयारच झालेला नाही.

घाईत काय होतं ते लग्नात उघड दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 44 टक्क्यांचं लग्न 18 वर्षांच्या आत झाल्याचं आढळलं. याला एकटी ऊसतोड कारणीभूत आहे असं कुणी म्हणणार नाही. हुंडा आहे, जातीची रीत आहे, दुष्काळ आहे, शाळा लांब असणं आहे. तरी अशा एका ऊसतोड कुटुंबाच्या जागी उभं राहून पाहावं. चौदा वर्षांची मुलगी आहे. तिला फडावर न्यायची तर कोपीला दार नाही. गावात ठेवायची तर सत्तरीची आजी आणि अर्धी रिकामी वस्ती. पुन्हा दसरा यायच्या आत काहीतरी ठरवायचंच आहे. एरवी हा प्रश्न दोन-तीन वर्षं घोळत राहिला असता, मामा-आत्यांनी मत दिलं असतं, शाळेतल्या बाई घरी येऊन बोलल्या असत्या, मुलगीही काही बोलली असती. दोन महिन्यांच्या मुदतीत स्थळ येतं आणि प्रश्न मिटतो. त्यात नवरा-बायकोच्या जोडीला कोयता धरून उचल मिळते, एकट्या पोराला अर्ध्या कोयत्याचीच. म्हणून मुलाकडच्यांनाही घाई असते. लग्न बेकायदा आहे हे दोन्हीकडच्यांना ठाऊक असतं. कायदा सांगायला येणाऱ्या माणसाकडं मुलीला नोव्हेंबर ते मार्च कुठं ठेवायचं याचं उत्तर नसतं, एवढंच.

दुखण्याचं तसंच. हंगामात दिवस बुडाला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. बाई पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापते, उजाडायच्या आत फडात, दिवसभर तोडणी आणि मोळ्या बांधणं, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढणं. गाडी रात्री आली तर भरणीही रात्रीच. पाळी, अंगावरून जाणं, कंबर, जंतुसंसर्ग, सगळं ‘पट्टा पडल्यावर बघू’ या एका वाक्यावर ढकललं जातं. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. म्हणजे सहांमागं एक. यात काही डॉक्टरांचा लोभ होता, भीती घालणं होतं, सरकारी दवाखान्यावरचा अविश्वास होता. पण सहा महिने अंगावर काढलेलं दुखणं घेऊन ती बाई जेव्हा दवाखान्याची पायरी चढते, तेव्हा तिला महिनोन्‌महिन्यांचे उपचार परवडत नाहीत. पुढच्या हंगामाआधी कायमचं मोकळं करणारा इलाज तिला हवा असतो आणि तोच तिला विकला जातो. घाई ही अशा धंद्याची निम्मी दलाली परस्पर करून टाकते.

आणि मग ते, जे मागून करताच येत नाही. मूल सात वर्षांचं असतं ते एकदाच. शिक्षण विभागाची हंगामी वसतिगृहं बीडमध्ये अनेक वर्षं चालतात. पालक फडावर असताना मुलं गावातच राहून शाळेत जातात, त्यांच्या जेवणाची सोय होते. 2021 मध्ये राज्यानं संत भगवानबाबा यांच्या नावानं 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना आणली. या सोयींवर सडकून टीका करण्याची एक सोपी रीत आहे, ती मला पटत नाही. फडावर पाचटात खेळणाऱ्या, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन वाढे गोळा करणाऱ्या मुलापेक्षा शाळेत बसलेलं मूल केव्हाही बरं. पण वसतिगृहानं मुलाची शाळा वाचते, आई-बाप वाचत नाहीत. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत असं ठरवलं. ज्या गावातले निम्मे पालक वर्षातले निम्मे दिवस तीनशे किलोमीटरवर असतात, तिथं ही समिती कागदावर कितीही नीट असली तरी जानेवारीत मास्तरांना जाब कोण विचारणार? मुलगा गुणाकारात मागं पडला हे बापाला कळतं ते वैशाखात, निकाल लागल्यावर.

यावर पहिली हरकत ठरलेली असते: कुणी बळजबरीनं नेत नाही. उचल त्यांनीच घेतली, तिच्यातून त्यांनी घर बांधलं, पोरीचं लग्न केलं. ऊसतोडीनं या जिल्ह्याला रोख पैसा दाखवला हे खरंच आहे, आणि ते नाकारणारा माणूस इथल्या दुष्काळाचा अपमान करतो. पण जूनमध्ये बियाण्याला पैसे नसताना घेतलेली उचल आणि घर भरलेलं असताना केलेला करार यांना एकच नाव देता येत नाही. शिवाय संमतीनं मजुरी ठरते, मजुरीबरोबर जे फुकट घेतलं जातं त्याचा प्रश्न संमतीनं सुटत नाही. कारखान्याला जोडी लागते. म्हणजे तो आई आणि बाप एकाच वेळी घेतो आणि पैसे टनावर देतो. मागं राहिलेल्या घराची राखण आजी करते, तिची मजुरी शून्य.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. घरापासून लांब राहून कमावणं महाराष्ट्राला नवं नाही. कोकणातला चाकरमानी गिरणीत राबला, फौजी सीमेवर राहिला, आज पुण्यातल्या कंपनीतलं जोडपंही एकमेकांना रविवारीच भेटतं. मग ऊसतोड्याचंच एवढं काय? फरक दोन. गिरणगावात गेला तो बहुधा एकटा गडी. चूल, शेत आणि मुलं सांभाळायला बायको गावी होती. त्या व्यवस्थेनं बायकांचं फार नुकसान केलं, पण मुलाला निदान एक पालक होता. दुसरा फरक सुट्टीचा. गणपती आणि शिमगा या दोन सणांना गिरण्यांनाही चाकरमान्यांना गावच्या वाटेला जाऊ द्यावं लागे, आणि फौजीची रजा तर नियमात लिहिलेली असते. बीडच्या कोयत्याला हंगामभर अशी एकही तारीख नाही. व्हिडिओ कॉल असतो म्हणाल, तर दिवसभर फडात मोळ्या उचललेल्या आईचा रात्री नऊचा व्हिडिओ कॉल किती वेळ चालतो याचा अंदाज कुणीही करावा.

यंत्रं येतील आणि हा प्रश्नच उरणार नाही, असंही म्हटलं जातं. हार्वेस्टर वाढत आहेत. पण लहान तुकड्यांच्या शेतात, ओल्या जमिनीत कोयताच लागतो, आणि यंत्र आलं तर घरी बसलेल्या कुटुंबाच्या पोटाचा वेगळाच प्रश्न उभा राहील. तो वेगळा लेख आहे.

खरी अडचण सांगितली जाते ती अशी: कारखाना एकदा पेटला की थांबत नाही. तोडलेला ऊस वाळतो, उतारा घटतो. मान्य. पण हंगाम कधी सुरू करायचा हे आकाशातून ठरत नाही, मंत्री समिती बसून ठरवते. 2024 मध्ये तारीख 15 नोव्हेंबर ठरली, 2025 मध्ये 1 नोव्हेंबर. त्या बैठकीत उसाचं क्षेत्र, उतारा, शेजारच्या कर्नाटकातले कारखाने कधी सुरू होतात, हे सगळं बघितलं जातं. शाळेचं सत्र त्याच टेबलावर ठेवायला काय हरकत आहे? आणि कारखाना थांबतच नाही, असंही नाही. नळ्यांत क्षार साचले की सफाईसाठी गाळप बंद ठेवावंच लागतं आणि त्याचा हिशेब कुणी नुकसान म्हणून मांडत नाही. शिवाय टोळ्या आळीपाळीनं सोडल्या तर गव्हाणीत ऊस पडत राहतो. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ आणि मुकादमाच्या कमिशनमध्ये एक टक्का वाढ ठरली, ती गरजेची होती. पण जे ठरलं ते पुन्हा टनाच्याच भाषेत ठरलं.

म्हणून मागणीही टनाच्याच भाषेत करू. हंगामाच्या मध्यावर, संक्रांतीला म्हणा, प्रत्येक कोयत्याला चार दिवसांची भरपगारी सुट्टी, खाडा न लावता. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो आणि टनाला साडेतीनशे रुपये पडतात असं धरलं, तर चार दिवसांचे 2,800 रुपये होतात. 120 दिवसांच्या हंगामात तो कोयता 240 टन तोडतो. म्हणजे टनामागं बारा रुपयांच्या आत. जाण्यायेण्याचा खर्च घातला तर वीस म्हणा. ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागं 10 रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे, हे तत्त्व मान्य होऊन काही वर्षं झाली. 2025-26 साठी त्याच उसाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, टनाला 3,550 रुपये ठरली.