फ्रीजरवरचे नाग

तुमच्या फ्रीजरमध्ये किती बुरश्या आहेत? आकडा सांगा. नाही येत सांगता. त्यातल्या जिवंत किती? तेही नाही. लेबलवर नुसतं 'आंबोली, पावसाळा' एवढंच लिहिलेल्या किती? आता मात्र सगळ्यांच्या माना खाली. आणि हीच मंडळी परिषदेत चहाचा कप हातात घेऊन म्हणते, आपल्याकडे कवकशास्त्रज्ञांमध्ये सहकार्यच नाही! नाहीच. कुठून असेल? धनावर बसलेल्या नागासारखा प्रत्येक जण आपापल्या फ्रीजरवर वेटोळं घालून बसलाय.

अडाणी असता तर एक शब्द बोललो नसतो. पण बीजाणू बघून कूळ सांगणारी पोरं तुम्ही. जगात 22 ते 38 लाख जातींच्या बुरश्या असाव्यात, हा 2017 चा अंदाज तुम्हाला पाठ. नावं मिळाली ती जेमतेम दीड लाख जातींना, हेही पाठ. हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे, असं प्रबंधाच्या पहिल्याच पानावर लिहिता. आणि दुसऱ्या पानापासून एकटेच चालू लागता!

का? "सर, कोणी चोरेल."

अरे, चोरायला आधी काही शिल्लक तर हवं! पाच वर्षं पुनर्रोपण न करता सुकवलेलं कल्चर कोण चोरणार? आणि चोरीची एवढीच धास्ती असेल तर उजेडात ठेवा की. राष्ट्रीय कवक संग्रह इथंच पुण्यात आहे, आघारकर संशोधन संस्थेत. कल्चर दिलं की क्रमांक मिळतो. वाळवलेला नमुना तिथल्याच आजरेकर हर्बेरियममध्ये ठेवता येतो. सिक्वेन्स जेनबँकेत टाकला की तुमच्या नावावर तारीख पडते. 1 जानेवारी 2013 पासून तर नव्या बुरशीचं नाव नोंदणी क्रमांकाशिवाय वैधच होत नाही. सगळी व्यवस्था उघडपणे देणाऱ्याचा हक्क राखते. कुलपातल्या मालावर कसला हक्क सांगताय?

खरं सांगू? भीती चोराची नाहीच. भीती तपासणाऱ्याची आहे. नमुना दुसऱ्यानं बघितला आणि म्हणाला, "अहो, ही नवी जात नाही, जुनीच आहे," तर? त्या एका वाक्याच्या भीतीपोटी सगळं कपाटात. आणि त्याला नाव काय, तर 'सावधपणा'.

फेब्रुवारी 2016 आठवा. बांगलादेशात गव्हाच्या ओंब्या दाणा भरायच्या आधीच पांढऱ्या पडल्या. सुमारे 15,000 हेक्टर. करपा. भातावरचा करपा आपल्या ओळखीचा, पण गव्हावरचा हा रोग 1985 मध्ये ब्राझीलच्या पाराना राज्यात पहिल्यांदा नोंदला गेला आणि आशियात तोवर त्याची साथ आलेली नव्हती. तोफज्जल इस्लाम यांनी काय केलं? पानं कपाटात घातली? शेतातले रोगट नमुने गोळा केले. इंग्लंडात नॉरिचला सोफियन कामून यांच्याशी संधान बांधलं. आणि सिक्वेन्स हाती येताच, पेपर छापून यायची वाट न बघता, साऱ्या जगापुढे मांडले. हे आमच्याकडे आहे, तुमच्याकडचं काढा, ताडून बघा. लोकांनी काढलं. काही आठवड्यांत उत्तर आलं: ही बुरशी दक्षिण अमेरिकेतल्या गव्हाच्या करप्याच्याच वंशातली. पेपर त्याच वर्षी आला, इस्लाम आणि कामून दोघांच्याही नावानं. चोरला का कोणी?

पुढच्याच वर्षी रोग पश्चिम बंगालमध्ये दिसला आणि नदिया, मुर्शिदाबादमध्ये गव्हाचा पेरा बंद ठेवावा लागला. बुरशी सीमा ओलांडायला कोणाच्या सहीसाठी थांबत नाही. तुम्ही मात्र शेजारच्या विभागाला एक प्लेट द्यायला तीन सह्या मागता! (याच बुरशीला मॅग्नापोर्थे म्हणायचं की पिरिक्युलारिया, यावर भांडायला मात्र सगळे बरोबर एकत्र येतात. तेव्हा कोणाला सवड नाही असं होत नाही.)

"आम्हाला कोणी विचारत नाही." हे दुसरं रडगाणं. तुम्ही कोणाला विचारलंत? वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात निळे विषारी बेडूक मरू लागले. पेसियर आणि निकोल्स हे पशुरोगतज्ज्ञ. बेडकांच्या कातडीत दिसतंय ते काय, हे त्यांना उमगेना. उमगत नाही म्हणायला ते लाजले नाहीत. मेन विद्यापीठातल्या जॉइस लाँगकोर यांना गाठलं. बाई कायट्रिडवर काम करणाऱ्या. म्हणजे तेव्हा तरी जिच्याकडे फारसं कोणी ढुंकून बघत नव्हतं अशा बुरशीवर. 1999 मध्ये तिघांच्या नावानं त्या बुरशीचं वर्णन आलं. जगभरच्या बेडकांचा काळ ठरलेली बुरशी ती हीच. तुमच्यापैकी कोणाला "मला कळत नाही" हे वाक्य शेवटचं कधी उच्चारलं ते आठवतंय?

आणि 2021? म्युकरमायकोसिसमुळे आपल्याच राज्यात माणसांचे डोळे आणि जबडे काढावे लागले. वर्तमानपत्रं 'काळी बुरशी' म्हणत राहिली. बुरशी काळी नसते, मेलेलं मांस काळं पडतं, हे तुम्हाला माहीत होतं. बोललात? रायझोपस आणि अपोफायसोमायसेस मातीतून वेगळे करायला शिकलेली माणसं गावात, रोगी गावात, आणि मधे जेमतेम रिक्षाभर अंतर. कोण गेलं? "डॉक्टर आम्हाला मोजत नाहीत." बरोबर, सांगायला कोणी गेलं असतं तर त्यांना कळलं असतं ना!

तुमचे गाइड एकमेकांशी बोलत नाहीत, तेही मला ठाऊक आहे. ते भांडण एका जुन्या पदाचं. तुमचा त्यात काय वाटा? इस्टेट मिळाली नाही, भांडण तेवढं वारशानं घेतलंत.

वारुळावर अळंबी कुठल्या नक्षत्रात येते हे जाणणारी कोकणातली बाई तुम्हाला रानात घेऊन जाते. पेपरात ती होते 'स्थानिक लोक'. तिचं नाव विचारलंत तरी का? सहकार्य म्हणजे परदेशी विद्यापीठाबरोबरचा करार, असं कोणी शिकवलं तुम्हाला? मी तर नाही.

ज्या प्लेटवर कधीपासून 'अनोळखी' लिहून ठेवलंय ती उद्या उचला. लेबलवर जागा, तारीख, कशावर सापडली, कोणी गोळा केली, सगळं नीट लिहा. मग मेडिकलच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात न्या. तिथल्या मॅडमचा नंबर माझ्याकडे आहे, देतो. फोन मात्र मी करणार नाही.